आप्पांच्या व्यायामाचा कागद

केडगाव स्टेशन, ता. दौंड
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५, दुपार

दीक्षाताईस सतीशचा जय भीम.

पत्र लिहायचं टाळत होतो. तसं दीड महिना टाळतोय, पण गेले दोन दिवस जरा जास्तच. गुरुवारी संध्याकाळी तुझा मेसेज आला. तो मी वाचला हे तुला दिसलं असणारच, आणि उत्तर आलं नाही म्हणून काल तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. गाडी चालवत होतो असं सांगणार होतो, पण गाडी चार दिवसांपासून पंक्चर होऊन दारात उभी आहे आणि आत्या तुला ते सांगेलच. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी नुसतं 'ताई' म्हटलं की तुझं 'आता काय करून ठेवलंस?' सुरू. या खेपेला तोच प्रश्न बरोबर आहे, म्हणून कागद घेतला.

पत्र मच्छिंद्रकडं देतोय. माझ्या वर्गातला, तुमच्या कारेगावच्या चाळीतच खोली करून राहतो तो. उद्या तो परत जाणार, म्हणजे सोमवारी तू फर्स्ट शिफ्टला निघायच्या आत पत्र तुझ्या हातात पडेल. पडलंच पाहिजे असं त्याला बजावलंय. तो म्हणाला, एवढं काय आहे त्यात. मी म्हटलं, तू नुसता पोस्टमन हो.

इकडं सगळं ठीक. थंडी पडायला लागली. गुऱ्हाळं पेटलीत, स्टेशनापर्यंत काकवीचा वास येतो. आत्याच्या गुडघ्यांचं नेहमीचं. आप्पा जेवतात, झोपतात. दाजींना जय भीम सांग.

ठीक असं लिहिलं खरं, पण ताई, मला इथं वेड लागायची पाळी आलीय. घराचं एसटी स्टँड झालंय. सकाळी दहा वाजले की माणसं यायला लागतात. लकवा मारलेल्या माणसाला बघायला यायचं म्हणजे बिस्किटाचा पुडा आणि एक इलाज, दोन्ही सोबत आणायचं असा इथं नियम आहे. बिस्किटं मी कुत्र्यांना घालतो, आता कुत्रीही तोंड फिरवतात. इलाजांचं काय करू? परवा एकानं कबुतराचं रक्त पायाला चोळायला सांगितलं. आप्पा त्याला म्हणाले, "आन् कबुतराला लकवा झाल्यावर त्यानं काय चोळायचं?" तो माणूस चहा अर्धा टाकून गेला.

हसू नकोस. खरा त्रास पुढं आहे. माणसं आली की आप्पा झोपतात. म्हणजे झोप येत नाही, आडवे होतात. इकडं आणल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्यांना खिडकीच्या गजाला धरून उभं केलं होतं, व्यायामाच्या मॅडमनी दाखवलं तसं, उजव्या पायावर भार देऊन. साठ आकडे मोजायचे होते. बावीसपर्यंत आलो आणि फाटकाची कडी वाजली. आप्पांनी गज सोडला, मला धरून खाटेवर बसले, पाय वर घेतले आणि चादर गळ्यापर्यंत ओढली. डाव्या हातानं, एवढ्या चपळाईनं की मी बघत राहिलो.

मी म्हटलं, "आप्पा, झोपताय कशाला?"

"आरं, बघाया आल्यात लोक. मी हुबा दिसलो तर म्हनतील, ह्याला काय झालंय, सोंग घेतंय."

आत आले पोपटमामा. रेल्वेत त्यांच्या गँगमधले, आप्पांच्या बरोबर रिटायर झालेले. आल्या आल्या म्हणाले, "पडून ऱ्हा भिमाजी, आमच्यापायी उठू नको." मामा दोन तास बसले. आप्पा दोन तास पडून. दुपारचा व्यायाम गेला. मामा गेले की दुसरं कोणतरी. आजारी माणसानं आजारी दिसलं पाहिजे, नाहीतर भेटायला येणाऱ्याचा अपमान होतो. हे तुला कारेगावात कळायचं नाही. तिथं शेजारच्या खोलीत कोण राहतं हे कुणाला माहीत नसतं, म्हणून तर तुझ्याकडं असताना आप्पा उभे राहिले. सप्टेंबरात शिरूरच्या दवाखान्यात तेजश्री मॅडमच्या समोर वॉकर धरून अकरा पावलं टाकली होती त्यांनी. तू व्हिडिओ पाठवला होतास. तो मी गुऱ्हाळावर सगळ्यांना दाखवला.

गुऱ्हाळाचं सांगतो, पण आधी आत्याचं सांगतो.

आत्याला काय बोलावं कळत नाही. शेजारी राहते, पहाटेपासून भावासाठी राबते, तिच्याबद्दल वाईट लिहिलं तर पाप लागेल. पण मॅडमनी सांगितलं होतं ना, उजव्या हातानंच जेवायचं. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून जाड करून दिलं होतं. पडू दे, सांडू दे, वेळ लागू दे, पण हात त्यांचा. हात वापरला नाही तर डोकं त्या हाताला विसरून जातं, असं काहीतरी म्हणाल्या होत्या. तर पहिल्या दिवशी आप्पांनी वरणभाताचा घास उचलला, तो ओठापर्यंत गेला आणि छातीवर सांडला. आत्या दारातच उभी.

"माझ्या भावाचा घास सांडतोय आन् तू बघत बसलाईस व्हय रं?"

"मॅडमनी सांगितलंय आत्या, मदत करायची नाही."

"तुझ्या मॅडमला भाऊ न्हाई वाटतं."

आणि ती मांडी घालून बसली, चमच्याचं फडकं सोडून पुसायला घेतलं आणि स्वतःच्या हातानं भरवायला लागली. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग आ केला.

ताई, खरं लिहितो. मला बरं वाटलं. आप्पांच्या हातानं एक जेवण म्हणजे सव्वा तास, आणि तो सव्वा तास माझ्याच्यानं एका जागी बसवत नाही. तुला माहीत आहे मी कसा आहे. आयटीआय सोडलं, कंपनीतली हेल्परकी सोडली, टेम्पो सोडला. सोडायचं म्हणून काही सोडलं नाही, दुसरीकडं लक्ष गेलं आणि ते सुटलं. आप्पांना केडगावला आणायचं ठरलं तेव्हा मी तुझ्या खोलीत भिंतीला टेकून म्हणालो होतो, "मी करतो." तू माझ्याकडं अर्धं मिनिट बघत होतीस. त्या वेळी मला राग आला होता.

आत्या आहे म्हटल्यावर मी मोकळा झालो. पहिल्यांदा दौंडला गेलो ते आप्पांच्या पायाला आधार देणाऱ्या बुटाचा पट्टा आणायला. तुटला होता. स्टेशनात उतरलो तर समोरच्या फलाटावर मनमाडकडं जाणारी गाडी उभी, डबा रिकामा, खिडकी उघडी. का बसलो ते विचारू नकोस. तिसऱ्या दिवशी परत आलो. पट्टा आणला नव्हता. त्यानंतर पारगावच्या बाजूला गुऱ्हाळावर गेलो. कामाला नाही, नुसता. मग म्हटलं आलोच आहे तर करू. तिथं यूपीचा एक कारागीर आहे, कढईवर असतो. त्यानं विचारलं, "तुम्हारे पिताजी को कौन देखता है?" म्हटलं, बुआ. "और तुम?" मी म्हटलं, मैं गन्ना देखता हूँ. सगळे हसले. तो नाही हसला. कढईतली मळी काढत राहिला.

बघ, कुठून कुठं गेलो. मला कागदाबद्दल लिहायचंय आणि मी कागद सोडून सगळं लिहितोय.

तू तो कागद बघितलास. मॅडमनी तुला फोटो पाठवला, त्यावरच तुझा मेसेज आला. सहा आठवडे, रोज तीन चौकोन, सकाळ, दुपार, संध्याकाळ. व्यायाम झाला की चौकोनात बरोबरची खूण करायची. मॅडम देताना म्हणाल्या होत्या, "नाही झालं तर रिकामा सोडा. मी रागावणार नाही. रिकाम्या चौकोनावरून मला कळतं पुढं काय करायचं." हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मला आठवतंय कारण दुसऱ्यांदा सांगत होत्या तेव्हा मी भिंतीवरचं मणक्याचं चित्र बघत होतो.

दवाखान्याची मधली एक खेप मी चुकवली. गाडी मिळत नाही असं त्यांना कळवलं. गाडी मिळत होती.

परवा गुरुवारी आप्पांना व्हॅनमधून शिरूरला न्यायचं होतं. न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मी पिशवीतनं कागद काढला. कोरा होता, ताई. पहिल्या आठवड्यातल्या नऊ खुणा सोडल्या तर पूर्ण कोरा. मी व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून भरायला लागलो. आप्पा मधल्या सीटवर, दार उघडं.

"काय करतूस रं?"

"मॅडमचा कागद भरतोय."

 मला वाटलं, आता शिव्या बसणार. एकतीस वर्षं रेल्वेत, त्यातली निम्मी कीमन म्हणून रोज रूळ तपासत पायी. न चाललेल्या रुळावर कधी सही केली नाही, हे आपण दोघांनी किती वेळा ऐकलंय. आप्पा म्हणाले, "समद्या भरू नको. कालची संध्याकाळ मोकळी सोड. लाईट न्हवती." मग परत थोड्या वेळानं, "आन् पेन बदल. येकाच शाईनं सापडत्यात मानसं. आमच्यात असेच सापडायचे."

मी व्हॅनवाल्याकडं दुसरा पेन मागितला. निळा आणि काळा. पाच चौकोन मोकळे सोडले. एका मोकळ्या चौकोनात 'पाहुणे' असं लिहिलंसुद्धा, खरं वाटावं म्हणून. आधीच्या नऊ धरून एकशे एकवीस खुणा. चहा होईपर्यंत भरून झाल्या.

दवाखान्यात काय झालं ते तुला मॅडमनी सांगितलंय, पण त्यांना जेवढं माहीत तेवढंच त्यांनी सांगितलंय. त्यांनी आप्पांची मूठ बघितली. खांदा बघितला, तो आखडलाय, हात वर नेला की आप्पा दात आवळतात. मग वॉकर दिला. दोन पावलं. तिसऱ्याला उजवा पाय मुडपला आणि मी आणि तिथली मुलगी, दोघांनी धरलं. सप्टेंबरात अकरा होती. मॅडम कागद हातात घेऊन खुर्चीवर बसल्या. बोट फिरवत मोजलं त्यांनी.

"सतीश, एकशे एकवीस वेळा केलंत तुम्ही. एवढं नियमित तर माझ्या शिरूरातल्या पेशंटचंही होत नाही."

मी मणक्याच्या चित्राकडं बघितलं.

"म्हणजे कष्टात काही कमी नाही. तरी फरक नाही, उलट मागं गेलंय. मेंदूला मार आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त असणार." मग आप्पांना म्हणाल्या, "काका, आता चालायच्या मागं लागून तुम्हाला दमवायला नको. आपण खुर्चीची सवय करू. बसून काय काय करता येईल ते शिकवते. आणि मुलगा मिळावा तर असा. हा कागद मी फोटो काढून भिंतीवर लावणार आहे, बाकीच्या घरच्यांना दाखवायला."

ताई, त्या वेळी बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "व्हय मॅडम. पोरानं लई केलं. माझंच अंग नाठाळ."

मॅडमनी फोटो काढला. मी कागदाचं टोक नीट धरून दिलं.

परत येताना न्हावरं मागं पडलं. मग मीच चिडलो. चिडायचा मला काय अधिकार, पण चिडलो. म्हटलं, "आप्पा, तुम्ही का नाही सांगितलं? तुमचा पाय आहे. मी गाढव आहे, पण पाय तुमचा आहे."

आप्पा खिडकीतून ऊस बघत होते. म्हणाले, "ती बाई तुला चांगलं म्हनत हुती."

"मग?"

"तुझ्या जल्मात कुनी म्हनलं न्हवतं. मास्तर न्हाई, कंपनी न्हाई, दीक्षा बी न्हाई. म्हनलं, येकदा आयकू दे."

हे लिहिताना मला परत राग येतोय. त्यांचा, माझा, त्या पोपटमामांचा, सगळ्यांचा. एवढं चांगलं ऐकायला मिळालं त्याची किंमत म्हणून एका माणसानं स्वतःचा पाय देऊन टाकायचा? आणि देऊन टाकल्यावर खिडकीतून ऊस बघत बसायचं? कालपासून आप्पा बुटाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, मॅडमनी सांगितलंय ना आता, दमवू नको. आत्या खूश आहे. म्हणते, बरं झालं, उगा छळ मांडला होता.

आणि तुझा मेसेज. 'सत्या, फोटो बघितला. मी तुझ्याबद्दल उगीच शंका घेत होते. तू तुझं सगळं केलंस. आता माझी पाळी. सोमवारी राजीनामा देते, व्हीलचेअर मागवते आणि केडगावला येते. तू आता तुझं आयुष्य बघ.'

मी तो एवढ्या वेळा वाचलाय की पाठ झालाय. तू पाच वर्षं कंत्राटावर काढलीस आणि आत्ता मार्चमध्ये परमनंट झालीस. ते सोडून येणार, का, तर मी कागदावर खुणा केल्या म्हणून. माझं आयुष्य बघ म्हणतेस. बघतोच आहे मी ते, दुसरं काय करतोय. ते बघता बघताच हे झालं.

म्हणून ताई, सरळ लिहितो, आडवळण न घेता. आप्पांचं अंग नाठाळ नाही. व्यायाम करून फरक पडला नाही असं काही झालेलं नाही. व्यायाम झालाच नाही. नऊ वेळा झाला, तोही अर्धा. मॅडमनी जे ठरवलं ते माझ्या खोट्या कागदावरून ठरवलं. त्यांचा यात काही दोष नाही. जूनच्या शेवटी आप्पा पडले, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या ना, पहिले सहा महिने पाय आणि हात जास्त ऐकतात, नंतर हळू. सहा महिने डिसेंबरअखेर पुरे होतात. त्यातले सहा आठवडे मी खाल्ले. सहाच आठवडे उरलेत. ते तरी वाया जाऊ देऊ नकोस. राजीनामा देऊ नकोस. व्हीलचेअर मागवू नकोस. मॅडमना सांग, परत पहिल्यापासून सुरू करा.

'मॅडमना सांग' हे मी तुला लिहितोय, कारण मला सांगता आलेलं नाही. काल दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. काय म्हणू? भिंतीवरचा फोटो काढा म्हणू? त्या रागावतील ते एक वेळ चालेल. त्या गप्प बसतील, ते कसं बघू.

मला असं वाटत होतं की तू सांगितलंस तर बरं. तू नीट बोलतेस. तुझं सगळे ऐकतात. हेच या पत्राचं खरं कारण होतं, आता कबूल करतो. मी गुन्हा कबूल करायला पत्र लिहीत नव्हतो, निरोप पाठवत होतो. तुझ्या हातानं.

आप्पांना तू कारेगावला परत ने असंही लिहिणार होतो. तिथं पाहुणे नसतात. पण तू शिफ्टला गेल्यावर तिथं कोण? मग परत मीच. मी तुझ्याकडं येऊन राहू का? दाजी चालवून घेतील का? एका खोलीत चौघं, मला ठाऊक आहे. मी व्हरांड्यात झोपेन. तू शिफ्टवरून आल्यावर रोज स्वतः आप्पांना उभं करून बघ, माझ्या खुणेवर विश्वास ठेवू नकोस. असं काहीतरी माझ्या डोक्यात आहे, पण माझ्या डोक्यात असलेल्या गोष्टींचं काय होतं ते

थांब. बाहेर गाडी आली. फाटक वाजलं. परत कुणीतरी पुडा घेऊन आलं असणार. आप्पांनी चादर ओढलीसुद्धा, मला इथून दिसतंय.

ताई, पाहुणे नाहीत. तेजश्री मॅडम आल्यात.

आत्या पदर सावरत चहा टाकायला पळाली. मॅडम आप्पांना म्हणतायत, "काका, उठू नका. चौफुल्याला बहिणीकडं आले होते. दीक्षाताईंचा फोन होता, खुर्ची मागवायच्या आधी दाराचं माप पाहिजे म्हणून. म्हटलं, एवढ्या जवळ आलेय तर स्वतःच घ्यावं." तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस, पण मी फोन उचलला नाही.

त्यांनी पर्समधून टेप काढलाय. चौकटीजवळ उभ्या आहेत. आप्पा खाटेवरून सांगतायत, "बारीक पडत आसंल तर फोडा चौकट. मला काय करायचीय आता." मॅडम म्हणतात, "फोडायला नको, बसेल बहुतेक. सतीश कुठं आहे? म्हणावं, जरा हे टोक धर."

मला हाक मारतायत. दुसऱ्यांदा मारली.

टेपचं टोक मी धरणार नाही. आधी सांगणार. आप्पा मधे बोलतील, 'पोरानं लई केलं' म्हणतील, तर त्यांना थांबवणार. त्या गप्प बसल्या तर मी समोर उभा राहणार. हे पत्र तरीही पाठवतोय, कारण मी बाहेर जाऊन नक्की काय केलं हे तुला मॅडमकडून कळेल आणि ते या कागदाशी जुळतंय का, ते तू ताडून बघ.

सोमवारी कंपनीत जा. नेहमीसारखी पंच कर आणि कामाला लाग.

न केलेल्या व्यायामावर खुणा करणारा,
सतीश